सदुसष्टांतले अकरा

वैद्यकाच्या अलीकडच्या इतिहासात एका नकारपत्राला मोठी प्रसिद्धी लाभली आहे. १९८३ साली ऑस्ट्रेलियातील जठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थेने ते बॅरी मार्शल नावाच्या एकतीस वर्षांच्या डॉक्टरला धाडले. संस्थेचे वार्षिक अधिवेशन त्या वर्षी मे महिन्यात पर्थ येथे, म्हणजे मार्शल यांच्या स्वतःच्याच गावी भरायचे होते आणि त्यांनी आपल्या संशोधनाचा गोषवारा तेथे सादरीकरणासाठी पाठवला होता. पत्राचा मजकूर अत्यंत सभ्य आहे. गोषवाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढते आहे, या खेपेस ६७ आले, त्यांतले ५६ घेता आले, उत्तम गोषवारे पुष्कळ असल्याने निवड फार अवघड गेली, आपल्या सहकाऱ्यांकडून चिकित्सा करवून घेऊन पुढे पुन्हा पाठवावा, अशा आशयाचे ते पत्र आहे. बावीस वर्षांनी, २००५ साली, याच संशोधनासाठी मार्शल आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून हे पत्र म्हणजे पंडितांच्या आंधळेपणाचा शिलालेखच होऊन बसले आहे. मार्शल स्वतः ते व्याख्यानांतून मोठ्या हौसेने दाखवतात.

गोष्ट अशी सांगितली की ऐकणाऱ्याला बरे वाटते, कारण आपण त्या निवड समितीत नव्हतो. पण पत्र पुन्हा नीट वाचले तर वेगळाच प्रश्न पडतो. सहांपैकी पाच गोषवारे स्वीकारणाऱ्या सभेला कोणी फार कडक म्हणणार नाही. मग या उदार चाळणीतूनही नेमके हेच संशोधन खाली का पडले? समितीचे सभासद मूर्ख होते, हे उत्तर सोयीचे आहे, पण मला ते पटत नाही.

आधी गोषवारा या वस्तूविषयी थोडेसे. मराठीत हा शब्द फारसीतून आला आणि पुष्कळ काळ जमाखर्चाच्या दफ्तरात राहिला. पानोपानी पसरलेल्या नोंदींची शेवटी केलेली एकत्रित बेरीज म्हणजे गोषवारा. (मूळ फारसी शब्दाचा दुसरा अर्थ कानातले भूषण असा आहे. असो.) वैद्यकीय परिषदांतला गोषवारा मात्र बहुधा उलट्या दिशेने जन्मतो. दफ्तरात आधी नोंदी होतात आणि मग बेरीज मांडली जाते; परिषदेची मुदत मात्र अधिवेशनाच्या कित्येक महिने आधी संपते, त्यामुळे पुष्कळदा बेरीज आधी लिहून पाठवावी लागते आणि नोंदी मागाहून पुऱ्या होतात. संगणकापूर्वीच्या काळात यासाठी छापील तक्ता येई. त्यावर एक चौकट आखलेली असे आणि शीर्षक, लेखकांची नावे, संस्था, पद्धती, निष्कर्ष हे सारे टंकलेखन यंत्रावर त्या चौकटीतच बसवावे लागे. चौकटीबाहेर गेलेले अक्षर छपाईत कापले जाई. आज चौकटीच्या जागी अडीचशे-तीनशे शब्दांची मर्यादा आली आहे. अडचण तीच आहे.

मार्शल यांना या चौकटीत काय बसवायचे होते, ते पाहू. रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ जठराच्या आतील आवरणाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असत. जून १९७९ मध्ये अशा एका नमुन्यात त्यांना वाकड्या आकाराचे असंख्य जिवाणू दिसले. चांदीच्या क्षारांनी रंगवण्याची एक जुनी रीत वापरली की ते ठळक उमटत. जेथे जिवाणू तेथे आवरणाला सूज, असा मेळही त्यांना वारंवार आढळू लागला. १९८१ साली प्रशिक्षणार्थी म्हणून आलेले मार्शल त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी शंभर रुग्णांची पद्धतशीर तपासणी आरंभली. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याचे प्रयत्न महिनोन्‌महिने फसले. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे तबकड्या दोन दिवसांनी फेकल्या जात. १९८२च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही तबकड्या अधिक दिवस उबवणीपेटीतच राहिल्या, आणि त्यांवर जिवाणूंची वाढ सापडली. हा जीव संथ वाढणारा होता, इतकेच. शंभर रुग्णांचा हिशेब पुरा झाला तेव्हा दिसले की, ज्या १३ जणांना आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, व्रण होता त्या तेराही जणांच्या जठरात हे जिवाणू होते.

आता हा गोषवारा हाती येणाऱ्या जठरांत्रतज्ज्ञाच्या मनात काय असेल? त्याच्या शिक्षणाचा पाया असा की जठरातील तीव्र आम्लात जिवाणू तग धरू शकत नाहीत. व्रणाचे कारण आम्ल, आणि आम्ल वाढण्याचे कारण काळजी, दगदग, जागरण, तिखट खाणे. आपल्याकडेही घरातल्या चिडचिड्या माणसाला ‘एवढी काळजी करू नकोस, अल्सर होईल’ असे सांगण्याची रीत होती, अजूनही आहे. हा समज लोकांनी डॉक्टरांकडून घेतला की डॉक्टरांनी लोकांकडून, हा स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल. शिवाय १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे औषध बाजारात आले होते. ते आम्ल कमी करी आणि व्रण खरोखर भरून येत. औषध थांबवले की पुष्कळांचा व्रण परतत असे, पण मग पुन्हा औषध देता येई. सिद्धान्त जुना होता आणि उपचार त्याला दुजोरा देत होता. अशा वेळी नव्या कारणाची गरज कोणाला वाटावी?

जिवाणूंची गोष्टही अगदी नवी नव्हती, आणि हे समितीच्या विरुद्ध नव्हे तर बाजूने जाते. १८९३ साली बिझोझेरो या इटालियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या जठरात मळसूत्री जिवाणू पाहिले होते. १९४० साली अमेरिकेत फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी माणसाच्या जठरातही तसे जिवाणू असल्याचे नोंदवले होते. मग १९५४ साली एडी पामर या अमेरिकन डॉक्टरने हजारांहून अधिक नमुने तपासले, त्याला एकही जिवाणू आढळला नाही, आणि प्रकरण मिटले. पामरने चांदीची रंजनपद्धत वापरली नव्हती. पण त्याचा आकडा एवढा मोठा होता की तीस वर्षे त्याच्यामागे डोकावण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेपही होता. तेराच्या तेरा रुग्णांत जिवाणू सापडले, मान्य. पण त्यांनी व्रण केला, की व्रण झालेल्या जागी ते मागाहून वस्तीला आले? चोराच्या घरात मांजर सापडले म्हणून चोरी मांजराने केली असे होत नाही. या शंकेचे निरसन अडीचशे शब्दांत करणे शक्य नव्हते. १९८३ साली त्यासाठी पुरावाही नव्हता. मार्शल यांनी जिवाणूंचा काढा स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, तो १९८४ साली. जिवाणू नष्ट केले की आद्यांत्राचा व्रण परतण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, हे दाखवणारी त्यांची नियंत्रित चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली, ती १९८८ साली. निवड समितीने यांपैकी काहीच पाहिलेले नव्हते.

नकारपत्रातील एक वाक्य तर कोणीच सांगत नाही. गोषवारे तपासताना लेखकांची नावे परीक्षकांपासून झाकलेली होती, असे त्यात नमूद आहे. म्हणजे ‘हा कोण उपटसुंभ’ असे म्हणून कोणी कागद बाजूला सारला नाही. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत त्या काळाच्या पुढे होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपल्या अधिवेशनाचे गोषवारे नावे झाकून तपासण्याची रीत २००२ साली सुरू केली. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करणारा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६७ हजारांहून अधिक गोषवारे होते. (पर्थचे ६७ आणि हे ६७ हजार, हा निव्वळ योगायोग.) नावे उघडी असताना अमेरिकन लेखकांना, इंग्रजीभाषक देशांना आणि नामांकित संस्थांना झुकते माप मिळत होते, नावे झाकल्यावर ते कमी झाले, पण पुरते गेले नाही, असे त्यातून दिसले. मुंबई-पुण्याहून किंवा वर्धा-मिरजेहून गोषवारा पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या मनात जी शंका असते, तिला आकड्यांचा हा आधार आहे. परंतु नाव झाकता येते, विचाराचे अनोळखीपण झाकता येत नाही. पर्थच्या परीक्षकांनी निःपक्षपातीपणे तोच कागद खाली ठेवला जो त्यांना सर्वांत अपरिचित होता. नियम चोख पाळले गेले आणि निर्णय चुकला, ही गोष्ट मूर्खपणाच्या गोष्टीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे.

पुढे काय झाले, त्यातच याचे अर्धे उत्तर आहे. हे वाकडे जिवाणू कॅम्पिलोबॅक्टर या कुळातील जिवाणूंसारखे दिसत होते. इंग्लंडमधील मार्टिन स्किरो हे त्या कुळाचे मोठे जाणकार. अतिसाराला हे जिवाणू कारण होतात हे त्यांनी १९७७ साली ठळकपणे मांडले होते. सप्टेंबर १९८३ मध्ये ब्रसेल्स येथे कॅम्पिलोबॅक्टरवर आंतरराष्ट्रीय बैठक भरली आणि जे संशोधन पर्थच्या पर्थमध्ये मांडता आले नव्हते ते तेथे मांडले गेले. जमलेली मंडळी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. आम्लाच्या सिद्धान्ताशी त्यांचा घरोबा नव्हता. व्रणाचे खरे कारण कोणते, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. नवा जिवाणू आहे का, तो कसा वाढवायचा, आपल्या प्रयोगशाळेत सापडेल का, हे त्यांचे प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरे मार्शल यांच्यापाशी होती. ऐकणारे आपापल्या गावी परतले, त्यांनी नमुने तपासले आणि जिवाणू त्यांनाही सापडले. जून १९८४ मध्ये मुख्य निबंध ‘लॅन्सेट’ने छापला, तोवर अन्यत्रही दुजोरा मिळू लागला होता. १९८९ साली या जिवाणूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे आजचे नाव मिळाले.

ब्रसेल्सची बैठक नसती तर? हा प्रश्न काल्पनिक वाटत असेल तर ग्रीसमधील जॉन लिकुडिस या डॉक्टरकडे पाहावे. मेसोलोंगी गावात साधा दवाखाना चालवणारा हा गृहस्थ १९५८ पासून व्रणाच्या रुग्णांना प्रतिजैविके देत असे. त्याचा निबंध अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकाने परत पाठवला आणि त्याच्याच देशातील शिस्तपालन समितीने १९६८ साली त्याला चार हजार द्राख्मांचा दंड केला. १९८० साली तो वारला. त्याच्या नशिबी दुसरी सभा नव्हती.

आणि पर्थच्या त्या उरलेल्या दहा गोषवाऱ्यांची आठवण मात्र कोणी काढत नाही. अकरांतला एक खरा निघाला म्हणून त्याचे नकारपत्र भिंतीवर गेले. दहांची पत्रे टोपलीत गेली असतील, आणि कदाचित योग्यच गेली असतील.

स्वीकारलेल्या गोषवाऱ्यांचे तरी काय होते? रॉबर्टा शेरर आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा करत आले आहेत. त्यांच्या २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात परिषदांतील ३ लाख ७ हजारांवर गोषवाऱ्यांचा मागोवा आहे. त्यांपैकी पूर्ण निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले अवघे ३७ टक्के. ज्यांत अनुकूल निष्कर्ष होते ते छापले जाण्याची शक्यता अधिक. औषध चालले नाही, फरक पडला नाही, असे सांगणारे अधिक संख्येने विरून गेले. न छापण्याचे कारण लेखकांना विचारले असता सर्वाधिक वेळा मिळालेले उत्तर नकाराचे नव्हते. वेळ मिळाला नाही, असे ते होते. परिषद झाली, भित्तिपत्रक गुंडाळले, बाह्यरुग्ण विभागाची रांग पुन्हा सुरू झाली. ज्या रुग्णांनी त्या अभ्यासांसाठी रक्त दिले, नळ्या गिळल्या, त्यांच्या वाट्याला चौकटीतल्या त्या अडीचशे शब्दांपलीकडे काही आले नाही. म्हणूनच एखाद्या उपचाराबाबत उपलब्ध सगळा पुरावा गोळा करू पाहणाऱ्यांना आज छापील निबंधांबरोबर परिषदांच्या जुन्या गोषवारा-पुस्तिकाही धुंडाळाव्या लागतात, आणि सापडलेल्या लेखकाला पत्र घालून विचारावे लागते की, त्या नोंदी अजून जपून ठेवल्या आहेत का.