घोड्याचा कायदा आधी, गाईचा नंतर



आपल्या आजीसासूबाईंच्या पिढीला बुळकांडी हा शब्द ऐकला तरी धडकी भरायची. जनावराला ताप, तोंडात फोड, पातळ हगवण, आणि बघता बघता दावण रिकामी. बैल गेला की पेरणी अडायची आणि सावकाराचं दार धरावं लागायचं.

इंग्रज सरकारला हे ठाऊक होतं. गुरांच्या साथींवर त्यांच्याच आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला. १८८९ मध्ये आपल्या पुण्यात जनावरांच्या रोगांवर प्रयोगशाळा निघाली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला हलली. पण देशपातळीवर १८९९ मध्ये कायदा झाला तो ग्लँडर्सचा, म्हणजे घोड्यांच्या रोगाचा. १९१० मध्ये आणखी एक झाला, तोही घोड्यांच्याच रोगाचा. घोडे लष्कराला लागत ना! गाई-बैलांच्या रोगांसाठी प्रांतांचे आपापले कायदे राहिले. रोगाला मात्र प्रांताची हद्द कळत नाही.

बुळकांडीला हरवलं ते लशीने. १९५४ पासून देशभर मोहीम चालली. १९९५ नंतर भारतात हा रोग दिसला नाही आणि २०११ मध्ये तो जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर जगातून हद्दपार झालेला हा दुसराच रोग.

गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या अशा सगळ्यांच्या साथीच्या रोगांसाठी देशभर एकच कायदा आला तो २००९ मध्ये. घोड्यांच्या कायद्यानंतर ११० वर्षांनी! तो सांगतो: यादीतल्या रोगाची शंका आली की मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचं, आजारी जनावर वेगळं बांधायचं, बाजारात न्यायचं नाही. रोगाने मेलेलं जनावर नदी-तळ्यात टाकलं तर दंड.

२०२२ मध्ये लंपी आला तेव्हा याच कायद्याने गुरांचे बाजार बंद झाले. दगावलेल्या दुधाळ गाईमागे सरकारने तीस हजार रुपये मदत दिली, पण त्यासाठी पंचनामा लागला. ज्या घराने भीतीपोटी आजार लपवला, गाय गुपचूप पुरली, त्याच्या हाती काय येणार?

दूध कोणी घेणार नाही, लोक नावं ठेवतील, म्हणून आपण गप्प बसतो. पण विचार करा. गाईने वैरण सोडली, अंगावर गाठी आल्या, हे आधी कोणाला दिसतं? पहाटे शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईला. कायद्याचं पहिलं पाऊल तिच्या तोंडून निघालेल्या शब्दाने पडतं. ती बोलली नाही, तर कायदा कागदावरच राहतो आणि रोग शेजारच्या गोठ्यात जातो.

म्हणून बचतगटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा: जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर प्रत्येकीच्या गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि कुणाचं जनावर आजारी पडलं तर तिला नावं ठेवू नका. तिने सांगितलं म्हणून आपली गाय वाचली, असं म्हणा.