मुंबईसाठी कडू केलेली बिअर

आज विषय आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. मायक्रोब्रुअरीच्या पाटीवर हे नाव दिसलं की टेबलावरचा एक जण हमखास गोष्ट सांगतो: हॉजसन नावाच्या इंग्रजाने हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी मुद्दाम जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोल घालून, बोटीवर न नासणारी बिअर शोधून काढली. गोष्ट झकास आहे, पण अर्धीच खरी.

जॉर्ज हॉजसनने लंडनजवळ बो इथे ब्रुअरी चालू केली ती १७५२ च्या सुमारास. पेल एल तर त्याच्या आधीपासून होती. उष्ण देशात जाणाऱ्या बिअरला हॉप्स जास्त घाला, हा सल्लाही इंग्लंडात १७६० च्या दशकातच दिला जात होता. हॉजसनचं खरं भांडवल दोनच गोष्टी: पत्ता आणि उधारी. कंपनीची जहाजं ब्लॅकवॉलला लागायची, ते बोपासून जवळ. शिवाय कप्तानांना तो तब्बल १८ महिन्यांची उधारी द्यायचा! आणि गोऱ्या सोल्जरांची काळी पोर्टर बिअरही तशाच जहाजांतून इकडे यायची, पोचायचीही. म्हणजे फक्त पेल एलच टिकायची, हेही खरं नाही.

मग हॉप्सचं काम काय? हॉप्स ही एका वेलीची फुलं. उकळली की त्यांतल्या अल्फा आम्लांचं रूप बदलतं. त्याने बिअर कडू होते, आणि ती आंबट करणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो. यीस्टला मात्र फारसा त्रास होत नाही. केपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार ते सहा महिने चालणाऱ्या प्रवासात हे कामाचंच होतं.

आता आपल्या आवडीचा भाग, आकडे. माझा एक मित्र अमेरिकेत घरी बिअर बनवतो. (तिथे फेडरल कायद्याने १९७९ पासून चालतं. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे, तेव्हा वाशीच्या फ्लॅटमध्ये प्रयोग नकोत!) त्याला नेहमीची पेल एल कडक करायची होती. २० लिटरची बॅच, १० टक्के अल्फा आम्लाचे हॉप्स, ६० मिनिटं उकळ. माल्टच्या गोड पाण्याची घनता १.०५० असेल आणि ४० आयबीयू कडवटपणा हवा असेल, तर साधारण ३५ ग्रॅम हॉप्स लागतात. (आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमधल्या कडू द्रव्याचे मिलिग्रॅम.) घनता १.०७० केली, तर तोल राखायला कडवटपणाही त्याच प्रमाणात ५६ वर न्यायला हवा.

त्रैराशिक मांडणारा म्हणेल, ४९ ग्रॅम घाला. इथेच फसगत होते. पाणी जितकं घट्ट, तितका हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो. टिनसेथच्या फॉर्म्युल्याप्रमाणे हा उतारा २३ टक्क्यांवरून १९ वर येतो. ४९ ग्रॅममध्ये ४७ च आयबीयू मिळतात. ५६ हवे तर ५८ ग्रॅम घालावे लागतात. साखर वाढली ४० टक्के, हॉप्स वाढले जवळपास दोन तृतीयांश.

पाण्याचाही हिशोब आहे. १८२२ मध्ये सॅम्युएल ऑलसॉपने बर्टनमध्ये हॉजसनसारखी बिअर काढली. बर्टनच्या विहिरींत जिप्सम भरपूर, आणि त्यातल्या सल्फेटमुळे कडवटपणा स्वच्छ, कोरडा लागतो. पुढे बर्टनवाल्यांनी हॉजसनचं मार्केट खाल्लं. नवी मुंबईच्या नळाला येतं ते मोरबे धरणात साठवलेलं पावसाचं पाणी. बर्टनची चव हवी तर ब्रुअर अशा पाण्यात जिप्सम मिसळतात.

पण सगळ्यात मोठं अॅडजस्टमेंट समुद्रच करायचा. कडवटपणा काळाबरोबर उतरतो, उष्णतेत तर लवकरच. हॉजसन पाठवायचा ती ऑक्टोबरात काढलेली कडक बिअर. तशी बिअर इंग्लंडातले श्रीमंत लोक वर्ष-दोन वर्षं तळघरात मुरवून पीत. जहाजाच्या गरम पोटात ती काही महिन्यांत मुरायची. म्हणजे लंडनच्या कढईतला कडवटपणा वेगळा आणि मुंबईच्या बंदरात पिंप फोडल्यावरचा वेगळा. रेसिपी लिहिली जायची ती या दुसऱ्या आकड्यासाठी.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, प्रवास आखूड झाला. मागोमाग बर्फाची यंत्रं आली. जादा हॉप्सचं मूळ कारण संपलं, नाव मात्र राहिलं. लीगसी कोडसारखंच म्हणा ना. म्हणून मित्राला एवढंच लिहिलं: जुन्या पुस्तकातला हॉप्सचा आकडा उचलण्याआधी बाटली कधी फोडणार ते ठरव. सहा महिने ठेवणार असशील तर तो आकडा ठीक आहे. तीन आठवड्यांत पिणार असशील तर कमी कर, कारण तुझ्या बिअरला केपला वळसा घालायचा नाहीये.