न सांडलेले क्रोमियम

रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशींना ठार करतात. पण किती मारल्या, हे मोजावे कसे? १९६८ साली स्वित्झर्लंडात ब्रुनर प्रभृतींनी युक्ती सांगितली. सावजपेशींत किरणोत्सर्गी क्रोमियम भरायचे. पेशी फुटली की ते बाहेर सांडते, ते मोजायचे. आपसूक झिरपलेले मात्र वजा करायचे, नाहीतर आमच्या वर्गातल्यासारखे उत्तर चुकायचे! ही मोजणी शिकलेले त्सिंकरनागेल पुढे कॅनबेराला डोहर्टींबरोबर काम करू लागले. १९७४ साली दोघांनी जगाला सांगितले, की विषाणू तोच असला तरी परक्या वाणाच्या उंदराची पेशी हे मारेकरी सोडून देतात. विषाणूसोबत ते घरची खूणही पारखतात! १९९६ साली दोघांना नोबेल मिळाले. मला मात्र त्या न सांडलेल्या क्रोमियमचेच अधिक कौतुक वाटते.