भारतात बहाई किती? : कोशातील एका नोंदीची चिकित्सा

१/ भारतात बहाई धर्माचे अनुयायी किती? २०११ च्या जनगणनेनुसार ४,५७२. अनेक आंतरराष्ट्रीय संदर्भग्रंथांनुसार सुमारे २० लाख. हा फरक चारशे पटींहून अधिक आहे. दोन्ही आकडे कोशांत सापडतात. मग विश्वास कशावर ठेवावा?

२/ आधी जनगणना. २०११ च्या प्रपत्रात सहाच धर्मांना सांकेतिक क्रमांक होते. अन्य धर्माचे नाव अक्षरी लिहावे लागे. परतवाड्यात असो वा मुंबईत, कुटुंबाने प्रगणकाला पूर्वापार धर्म सांगितला, तर तोच नोंदला जाई.

३/ आता दुसरा आकडा. १९६० च्या दशकात माळव्यात, विशेषतः शाजापूर परिसरात, हजारो ग्रामस्थांनी बहाई धर्म स्वीकारला. मात्र अनेकांच्या घरी जात, सण आणि विवाहविधी पूर्ववतच राहिले. धर्मसंस्थेच्या लेखी ते बहाई. सरकारदरबारी बहुधा हिंदू. एका आकड्यात धर्मस्वीकार मोजला जातो, तर दुसऱ्यात प्रगणकाला दिलेले उत्तर.

४/ आकड्याइतकेच महत्त्व नोंदीच्या शीर्षकाला असते. १८४४ मध्ये इराणात बाब यांची चळवळ सुरू झाली. १८६३ मध्ये बगदादेत बहाउल्लांनी आपले प्रेषितत्व घोषित केले. पुढे बहुसंख्य बाबी बहाई झाले. तरीही ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत (१९१०–११) मुख्य नोंद बाबी पंथाच्या नावाने आहे. तिचे लेखक एडवर्ड ब्राउन हे साक्षेपी अभ्यासक. १८९० मध्ये ते बहाउल्लांना प्रत्यक्ष भेटले होते. तरी शीर्षकामुळे एक स्वतंत्र धर्म दुसऱ्याचे उपप्रकरण ठरला.

५/ मूळ ग्रंथ मात्र आपल्या जवळच छापला जात होता. बहाउल्लांचा विधिग्रंथ ‘किताब-ए-अकदस’ १८९० च्या सुमारास मुंबईत मुद्रित झाला. तो अरबीत आहे. त्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतर १९९२ मध्ये आले. मधल्या शतकात अरबी न जाणणाऱ्या बहुतेक कोशकारांची भिस्त इतरांच्या वृत्तांतांवरच राहिली.

६/ वऱ्हाडाला हा अनुभव परिचित आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. त्यांचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होते, तोवर बाहेरच्यांनी ऐकीव निंदाच प्रमाण मानली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे प्रभृतींनी या लिपीचा उलगडा केला. आज ‘लीळाचरित्र’ मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जातो.

७/ म्हणून कोणतीही नोंद वाचताना चार प्रश्न विचारावेत. ती कोणी लिहिली? कोणत्या वर्षी? मूळ ग्रंथ पाहून की ऐकिवावरून? आकडा असल्यास मोजला कोणी आणि काय विचारून? अनुयायांनी लिहिलेल्या कोशालाही हीच कसोटी लावावी. आपुलकीनेही आकडे फुगतात.

८/ मोठ्या धर्माच्या नोंदीतील चूक लक्षावधी वाचक दुरुस्त करू शकतात. लहान समाजाच्या बाबतीत बहुतेकांनी वाचलेली ती एकच नोंद असते आणि शेजारी त्याला तिच्यावरूनच ओळखतो.