फोटोची चौकट

हातातल्या मोबाईलचा कॅमेरा उघडला, की कुठेतरी काही आकडे दिसतात : ४:३, १६:९, १:१. शेजारीच १२ मेगापिक्सेल, ५० मेगापिक्सेल असेही काही असते. पुष्कळ मंडळी तिकडे पाहत नाहीत. पाहिलेच, तर ‘फुल’ हा शब्द भरघोस वाटतो म्हणून त्यावर बोट ठेवतात. पण या आकड्यांना इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे.

४:३ म्हणजे रुंदीचे चार भाग, उंचीचे तीन. ही गोष्ट अमेरिकेतली. १८९२ च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाचा मदतनीस हलत्या चित्रांच्या यंत्रामागे लागला होता. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही काठांना भोके, आणि चार भोकांच्या उंचीत एक चित्र, असा त्याने हिशेब बसवला. चित्र आले सुमारे एक इंच रुंद, पाऊण इंच उंच. झाले चारास तीन! पुढे जगभर तेच चालले. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच रुंदीच्या फिल्मवरचा. कोरी फिल्म भोकांवाचून येई. अंधारात बसून तिला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. घरचा स्वयंपाक सांभाळून, बरे का!

पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाकने हीच फिल्म आडवी चालवली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. माप झाले ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ३:२. हा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. स्टुडिओत मिळणारी ६ बाय ४ इंची प्रत याच प्रमाणातली.

दूरचित्रवाणीने जुने ४:३ उचलले. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हाचा तो पेटीसारखा पडदा आठवा. तिकडे अमेरिकेत घरबसल्या चित्रे दिसू लागल्यावर थिएटरे ओस पडू लागली, म्हणून १९५३ साली ‘द रोब’ चित्रपटापासून सिनेमास्कोपचा लांबरुंद पडदा आला. १९८० नंतरच्या दशकात या दोन टोकांचा मध्य काढून १६:९ ठरले. ते टीव्हीचे माप.

आता मोबाईल. त्याच्या आत फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो, तो बहुतेक फोनांत ४:३ चाच. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख बिंदू. तुम्ही १६:९ निवडले, की फोन काय करतो? वरखालचा भाग कापतो. उरतात ४००० गुणिले २२५०, नव्वद लाख. चित्र मोठे झाल्यासारखे दिसते, पण चौथा हिस्सा गेलेला असतो, आणि तो परत येत नाही. ४:३ चा फोटो मात्र मागाहून हवा तसा कापता येतो.

याचे महत्त्व गुरुजींना अधिक. कित्येक घरांत भिंतीवरचा आजोबांचा एकुलता एक फोटो कुठल्यातरी समूहचित्रातून काढून मोठा केलेला असतो. वर्गाच्या फोटोत एका ओळीत १४ मुले धरा. ४००० बिंदूंच्या रुंदीत एकेकाच्या वाट्याला सुमारे २८५ येतात. जागा वाचावी म्हणून लहान माप निवडून रुंदी २००० केली, तर १४२. त्यातही चेहरा किती? तेव्हा असल्या फोटोला काटकसर नको.

५० मेगापिक्सेलचे फोन एरवी चार बिंदू मिळून एक करतात आणि साडेबारा देतात. संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात तेच बरे. जुना मोडी कागद किंवा गावाचा नकाशा टिपायचा असेल, तर भर उजेडात पूर्ण ५० घ्यावे.

आणि छापताना एक हिशेब. ४:३ चा फोटो ६ इंच रुंद छापला तर उंची साडेचार इंच होते. प्रत मात्र चारच इंचांची. अर्धा इंच वरखालून जाणार. म्हणून मागच्या ओळीच्या डोक्यांवर आणि पुढे बसलेल्यांच्या पायांखाली थोडी मोकळी जागा ठेवून मगच बटण दाबावे.