धर्मानंद कोसंबी आणि चार दृश्यांची कथा

शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या चाकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे देश सोडून ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याला स्थायिक झाली, त्यांनी बरोबर नेलेल्या वस्तूंत पोथी असे. गोव्यात किंवा बेळगावकडे राहिलेल्यांना तर ती कुठून आणावी लागलीच नाही. ज्ञानेश्वरीच्या ठरलेल्या ओव्या, दासबोधाचा एक समास, गुरुचरित्राचा सप्ताह. बाहेर हिंदी, गुजराती, कन्नड किंवा पोर्तुगीज चाललेली असताना घरात मराठी टिकली याचे बरेचसे श्रेय या वाचनाला द्यावे लागेल.

पण आज आपल्यापुढे एक वेगळा प्रश्न ठेवायचा आहे. रोजच्या वाचनाने माणसाच्या समजुती घट्ट होतात की सैल? आपण आपल्या घरातला अनुभव पाहिला, तर उत्तर बहुधा पहिलेच येईल. तीच ओवी हजारदा म्हटली की तिचा अर्थ विचारण्याची गरज वाटेनाशी होते. आजोबा जिथे थांबत तिथे आपण थांबतो आणि ते जो शब्द चुकीचा उच्चारत तो आपणही तसाच उच्चारतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर अशाच भक्तिभावाने बिघडवलेल्या प्रती होत्या. लोकांनी प्रेमाने भर घातली होती. नाथांनी ती काढली आणि पुन्हा कोणी तसे करू नये अशी ताकीद दिली. ग्रंथावर अपार श्रद्धा आणि त्याच ग्रंथाच्या प्रचलित रूपाबद्दल संशय, या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात याचे मराठीतले ते मोठे उदाहरण.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे आणि त्याचा प्रवास आपल्याच गावांतून झालेला आहे. ते म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ गावी, एका सारस्वत कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेम, लग्न लहानपणीच, आणि कामधंदा म्हणजे घरच्या नारळीच्या बागेची देखभाल. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या खेड्यात मराठी पुस्तके आणि मासिके हीच त्यांची शाळा. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धावरचा एक लेख वाचला आणि मनाने तिथेच घर सोडले. पुढे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र हाती आले, तेव्हा तर त्याची पारायणेच सुरू झाली. आपल्याला परिचित असलेलीच ती कथा: राजवाड्यात सुखात वाढलेला राजपुत्र, रथातून बाहेर पडल्यावर त्याला दिसलेला म्हातारा, मग रोगी, मग प्रेत आणि शेवटी शांत चेहऱ्याचा संन्यासी, मग मध्यरात्री झोपलेल्या पत्नीकडे व तान्ह्या मुलाकडे एकवार पाहून केलेले प्रयाण.

१८९९ च्या अखेरीस कोसंबी घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. कथेशी असलेले हे साम्य विचित्र आहे, आणि ते योगायोगाचे नव्हते असे मला वाटते. माणूस ज्या गोष्टीचे पारायण करतो तिच्यासारखे वागू लागतो. फरक इतकाच की कथेतल्या राजवाड्यात दासी आणि धान्याची कोठारे होती, आणि सांखवाळच्या घरात तसे काही नव्हते. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली याची नोंद ज्ञानाच्या इतिहासात सहसा होत नाही. आपण ती मनात ठेवूनच पुढे जाऊ.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. तिथून इंदूर, ग्वाल्हेर अशी मजल मारत कोसंबी काशीला पोचले, अन्नछत्रात जेवून संस्कृत व्याकरण शिकले. पुढे नेपाळ गाठले ते तिथे जिवंत बौद्ध धर्म भेटेल या आशेने. जे दिसले त्याने निराशा पदरी पडली. बुद्धगयेला समजले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जायला हवे. १९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे दाखल झाले. तिथून पुढे ब्रह्मदेश. अंगावर चीवर आले.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण ‘अभ्यास’ या शब्दाने नेमके काय झाले ते कळत नाही. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, युरोप-अमेरिकेतले पंडित रोमन अक्षरांत. कोसंबी या सगळ्या वाटांनी गेले. नवी अक्षरे गिरवत पुन्हा तोच ग्रंथ वाचायचा. पुन्हा वाचताना मागच्या प्रतीत नसलेला शब्द या प्रतीत दिसायचा. मग खरा कोणता? आपण एकाच छापील पोथीवर आयुष्य काढतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ज्याला तो रोज पडतो, त्याला हळूहळू दुसरा प्रश्न पडू लागतो. हा शब्द बदलला असेल, तर ही सबंध गोष्टच मागाहून आलेली नसेल कशावरून?

१९०६ च्या सुमारास त्यांनी चीवर उतरवले. कलकत्त्यात पाली शिकवायला लागले आणि पुन्हा गृहस्थ झाले. ज्या वस्त्रासाठी घर सोडले ते वस्त्र सोडणे, हे घर सोडण्याहून सोपे नसावे. मग बडोद्याचा प्रसंग घडला, जो आपल्या सभांतून वरचेवर सांगितला जायला हवा. सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्याची याहून बऱ्याच अधिक पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी ही अट पत्करली, कारण पालीतले ज्ञान त्यांना मराठीत आणायचे होते. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे लहानसे पुस्तक झाले. त्यानंतर १९१४ चा ‘बुद्धलीलासारसंग्रह’. या पुस्तकात बुद्धाची पारंपरिक कथा जशीच्या तशी, रसाळपणे आलेली आहे. म्हणजे घर सोडून पंधरा वर्षे लोटली तरी चार दृश्ये जागच्या जागी होती.

मधल्या काळात हार्वर्ड विद्यापीठात चार वेळा जाणे झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणे झाले, गुजरात विद्यापीठ झाले, लेनिनग्राड झाले, मिठाच्या सत्याग्रहातला तुरुंगवास झाला. हे सगळे मी पटकन सांगतो आहे, कारण त्या सर्व ठिकाणी त्यांचा खरा उद्योग एकच होता. सकाळी उठून पाली वाचणे.

१९४०-४१ साली ‘भगवान बुद्ध’ दोन भागांत प्रसिद्ध झाले, आणि त्यात ती कथा नाही. खरे तर आहे, पण कोर्टात उभ्या केलेल्या साक्षीदारासारखी. कोसंबी विचारतात, ही चार दृश्ये त्रिपिटकात कुठे आहेत? दीघनिकायाच्या महापदानसुत्तात आहेत. पण तिथे ती गौतमाची नाहीत, विपस्सी नावाच्या, कल्पनेतल्या प्राचीन बुद्धाची आहेत. तिथून ती नंतरच्या लेखकांनी उचलून गौतमाच्या चरित्रात बसवली. गौतम स्वतः जिथे आपल्या गृहत्यागाविषयी बोलतो, त्या मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात रथ नाही, सारथी नाही, मध्यरात्र नाही. तरुणपणी, आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत त्याने डोके मुंडले आणि तो निघाला. लपूनछपून नव्हे. मग शुद्धोदन महाराजांचा वैभवशाली राजवाडाही तपासावा लागतो. शाक्य हे कोसलाच्या अंकित असलेले लहानसे गण. शुद्धोदन त्यांतला एक प्रतिष्ठित माणूस, शेती असलेला.

कोणते सुत्त जुने हे ठरवायला कोसंबींनी जे साधन वापरले तेही पाहण्यासारखे आहे. अशोकाच्या भाब्रू शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे सात धर्मपाठ नावानिशी सांगितले आहेत. दगडावरचे ते शब्द नंतर कोणाला वाढवता आले नाहीत. त्यांतली नावे त्रिपिटकात शोधत गेले की बरेच पाठ लहान, साध्या, चमत्काराविना असलेल्या सुत्तांत सापडतात, आणि त्यांत सुत्तनिपाताचा वाटा मोठा आहे. सुत्तनिपाताचे मराठी भाषांतरही कोसंबींनीच केले.

याच सुत्तनिपातात अत्तदंडसुत्त आहे. त्यात बोलणारा म्हणतो की शस्त्र हाती घेतल्याने भय उत्पन्न झाले, आणि आटत्या पाण्यातल्या माशांसारखी एकमेकांविरुद्ध तडफडणारी माणसे पाहून आपल्याला उद्वेग आला. कोसंबींनी यातून गृहत्यागाचे नवे कारण काढले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होते. लढाईत उतरायचे नाही आणि तंटाही मिटत नाही, अशा कोंडीतून गौतम बाहेर पडला. ‘बोधिसत्त्व’ या त्यांच्या नाटकाचा गाभाही हाच. पुढे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या बुद्धविषयक ग्रंथातही चार दृश्यांची कथा बाजूला ठेवून रोहिणीच्या पाण्याचा वाद आलेला आपल्याला दिसेल.

आता माझे मत. चार दृश्यांविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता हे, ज्याची आई सातव्या दिवशी वारली त्याच्याबद्दल, तसेही पटत नाही. रोहिणीचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही. अत्तदंडसुत्तात नदीचे नाव येत नाही. ते अट्ठकथांत येते, आणि तिथे पाण्याचा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे, तो बुद्धाने मिटवल्याचा. कोसंबींनी तो मागे नेला. तुरुंग भोगलेल्या, युद्धाच्या ढगांखाली लिहिणाऱ्या सत्याग्रहीला गौतमाच्या गृहत्यागात शस्त्राचा त्याग दिसावा, हे समजण्यासारखे आहे. एक समजूत सोडणाऱ्या हाताला रिकामे राहणे जड जाते. तरीही कोसंबींची पद्धत अशी की ते कोणता आधार कुठून घेतला हे सांगून टाकतात. म्हणूनच त्यांच्याच पुस्तकाच्या बळावर आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो.

या वाचनाची किंमत त्यांना बाहेरही मोजावी लागली. बुद्धाच्या व महावीरांच्या काळच्या मांसाहाराबद्दल त्यांनी जे लिहिले त्याने जैन समाजात संताप उसळला. अनेकांना वाटले की हा माणूस श्रद्धेवर घाव घालतो आहे. गंमत अशी की पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयी अत्यंत आदराने पुस्तक लिहिणारेही हेच कोसंबी, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला तो जैन साधूंसारखा, अन्न सोडून.

मज्झिमनिकायात नावेच्या तराफ्याचा एक दृष्टान्त आहे, तो पाली वाचणाऱ्यांना पाठच असतो: नदी उतरल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडणारा माणूस शहाणा नव्हे, आणि धर्मही तसाच उतरून जाण्यासाठी आहे. हे वाचणारे अनेक असतात. सांखवाळच्या बागेत ज्या कथेने आपल्याला उचलले, तीच कथा चाळीस वर्षांनी स्वतःच्या हाताने बाजूला काढायची, आणि ज्याची ती कथा त्याच्यावरचे प्रेम तिळभर कमी होऊ द्यायचे नाही, हे मात्र क्वचित घडते. ‘भगवान बुद्ध’ वाचताना कुठेही कडवटपणा जाणवत नाही. फसवले गेल्याची भाषा नाही. चार दृश्यांची कथा लिहिणाऱ्यांना ते लबाड म्हणत नाहीत. त्यांना गोष्ट सांगायची होती, एवढेच.

हार्वर्डला ज्या कामासाठी ते वारंवार गेले ते काम म्हणजे बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाची चिकित्सक आवृत्ती. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने ती सुरू केली होती आणि अर्धवट टाकून तो १८९९ मध्ये वारला, म्हणजे त्याच वर्षी ज्या वर्षी कोसंबी घरातून निघाले. त्या ग्रंथात शुद्धीच्या सात पायऱ्या आहेत. तिसरी दृष्टीची शुद्धी, चौथी शंका ओलांडून जाण्याची. देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली काढली. हार्वर्डची आवृत्ती रखडत रखडत १९५० साली बाहेर पडली, वॉरनचे आणि कोसंबींचे नाव घेऊन. तेव्हा दोघांपैकी कोणीही ती पाहायला नव्हते.