हलक्या गाडीचा इतिहास: रिसोडच्या आजोबांना कोणती जुनी मोटारसायकल झेपेल?

१/१२
रिसोडला रेल्वे नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातील, काळ्या मातीच्या या तालुक्यात शेत, बाजार, दवाखाना आणि वाशिमची जिल्हा कार्यालये यांना जोडण्याचे काम मुख्यतः एसटी आणि दुचाकी करतात. म्हणून साठी-सत्तरीच्या माणसाने गाडी सोडली, की त्याचा केवळ छंद सुटत नाही. दर फेरीसाठी त्याला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. अशा चालकाला तरुणपणीच्या काळातली, पण झेपेल अशी गाडी हवी असेल, तर ती कोणती? या प्रश्नाचे उत्तर भारतीय दुचाकींच्या इतिहासात दडलेले आहे.

२/१२
‘जुनी मोटारसायकल’ म्हटले, की डोळ्यांसमोर प्रथम बुलेट येते. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून ‘एन्फिल्ड इंडिया’ उभी राहिली आणि ३५० सीसीची बुलेट भारतात तयार होऊ लागली. सैन्य आणि पोलीस यांच्यामुळे तिला रुबाब लाभला. तिचे वजन मात्र १६० किलोंच्या वर. जुनी बुलेट सुरू करणे हे एक तंत्रच होते: अ‍ॅमीटरचा काटा पाहायचा, डीकॉम्प्रेसर दाबायचा, पिस्टन योग्य जागी आणायचा आणि मग किक मारायची. चूक झाली, तर किक उलटून पायावर येई. पंचविशीत हा अभिमानाचा विषय असतो; गुडघे झिजल्यावर तोच धोका ठरतो.

३/१२
दुसरी परंपरा पूर्व युरोपातून आली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा आणि पुढे १९७३ पासून येझदी बनवली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून राजदूत घडवली. जावाची एक गंमत अशी, की किक आणि गिअर यांचा दांडा एकच. राजदूत दूधवाल्यांच्या कॅनांची सोबतीण झाली. या गाड्या बुलेटपेक्षा हलक्या होत्या. तरी येझदी सुमारे १४० किलोंची, आणि दोन्हींत पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळण्याचे काम चालकाचेच.

४/१२
महाराष्ट्राने या प्रश्नाला दोन उत्तरे दिली. पहिले आकुर्डीच्या बजाजचे स्कूटर. त्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. पण लहान चाके खड्ड्यांत आणि पावसाळी चिखलात अडत. दुसरे उत्तर १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) दिले: ५० सीसीची लुना. पेडल असलेली, पाय उंच न उचलता बसता येईल अशी. चढ-उताराचा त्रास असलेल्यांना तिच्याइतकी सोयीची गाडी क्वचितच झाली. मात्र मागे माणूस आणि पुढे पिशवी घेऊन तालुक्याहून जिल्ह्याला जाण्याइतका दम तिच्यात नव्हता.

५/१२
खरे वळण १९८० च्या दशकात आले. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी आयात इंधनाची किंमत देशाला कळली होती. सरकारने दुचाकी उद्योगाला परदेशी सहकार्याची मुभा दिली, ती १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी. उद्देश इंधनबचतीचा होता. वृद्धांच्या गुडघ्यांचा विचार त्या फायलींमध्ये कोणी केला नसावा. पण इंजिनाला मर्यादा आली, की सांगाडा, चाके, टाकी सारेच आटोक्यात येते. अशा रीतीने एका आर्थिक धोरणातून हलक्या मोटारसायकलींची एक पिढीच जन्माला आली.

६/१२
१९८४ मध्ये टीव्हीएसच्या सहकार्याने इंड-सुझुकी एएक्स-१०० आली. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी-१०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स-१०० आली. १९८६ मध्ये बजाजने कावासाकीच्या मदतीने केबी-१०० आणली. अवघ्या तीन वर्षांत ग्रामीण भारताला शंभर किलोंच्या आसपासच्या, सडपातळ, मोठ्या चाकांच्या गाड्या मिळाल्या. बुलेटच्या तुलनेत हे ओझे साधारण साठ किलोंनी, म्हणजे धान्याच्या एका पोत्याने कमी होते.

७/१२
या चौघींत आज सर्वाधिक गाजते ती आरएक्स-१००. ९८ सीसी, सुमारे ११ अश्वशक्ती, आणि दूरवरून ओळखू येणारा आवाज. ऑइलची टाकी वेगळी असल्याने मिश्रणाची कटकट नाही. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नंतर तिच्याभोवती आख्यायिका उभी राहिली आणि भावही चढले. ज्येष्ठ चालकासाठी तिचा दोष तिच्या गुणातच आहे: अ‍ॅक्सिलरेटर जरा पिळला, की ती झेपावते, थांबवायला मात्र जुने ड्रम ब्रेकच असतात.

८/१२
सीडी-१०० चा स्वभाव उलटा. ९७ सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन, त्याचा सिलिंडर जवळजवळ आडवा. त्यामुळे वजन खाली राहते आणि गाडी सावकाश चालवतानाही तोल जात नाही. साखळी झाकलेली, किक हलकी, आवाज मऊ, पेट्रोलची भूक कमी. पोस्टर लावावे असे तिच्यात काही नव्हते. शिक्षक, तलाठी, शेतकरी, बँकेचे कारकून यांनी ती रोज वापरली, आणि म्हणूनच ती कोणाच्या कथेची नायिका झाली नाही.

९/१२
निवड करताना सीसीपेक्षा चालकाच्या शरीराला विचारावे. चार साध्या परीक्षा आहेत. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात का? इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले मागे ढकलता येते का? एकट्याने डबल स्टँडवर चढते का? गार इंजिन, न दमता, दोन-तीन किकमध्ये सुरू होते का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी अंगणातच शोभेल. हलकेपणाचीही किंमत असते: शेजारून भरधाव ट्रक गेला, की हलकी गाडी हेलकावते. म्हणून महामार्गापेक्षा गावरस्ता तिला अधिक मानवतो.

१०/१२
रिसोडमध्ये जुनी गाडी पाहताना नंबर प्लेटही इतिहास सांगते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिमचा क्रमांक एमएच ३७, अकोल्याचा एमएच ३०. त्यामुळे नव्वदच्या दशकातली, याच तालुक्यात आयुष्य घालवलेली गाडी एमएच ३० ची असू शकते, आणि त्याहून जुनीवर तीन अक्षरी क्रमांक दिसेल. घेण्यापूर्वी चासी आणि इंजिनावरचे क्रमांक आरसी बुकाशी जुळवणे अत्यावश्यक. नोंदणीची १५ वर्षे केव्हाच संपलेली असतात. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते.

११/१२
‘व्हिंटेज’ हा शब्दही जपून वापरावा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनालाच ती नोंदणी मिळते, आणि असे वाहन रोजच्या वापरासाठी नसते. म्हणजे १९८५ ची गाडी अजून व्हिंटेज नाही, आणि बाजाराला जाणाऱ्या माणसाला ती नोंदणी उपयोगाचीही नाही. परवान्याचेही गणित आहे: चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि पंचावन्नीनंतर परवाना एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतो. ही अट जाचक वाटली, तरी डोळे आणि प्रतिक्रिया तपासून घेण्याची ती एक संधी असते.

१२/१२
मोटारसायकलींचा लोकप्रिय इतिहास वजनदार आणि वेगवान गाड्यांनी भरलेला आहे, कारण आठवणी सांगणारे तेव्हा तरुण होते. वयाच्या बाजूने तोच इतिहास पाहिला, की मान दुसऱ्याच गाड्यांना द्यावा लागतो. रिसोडच्या ज्येष्ठ चालकाला सुचवावी अशी जुनी गाडी म्हणजे नीट राखलेली सीडी-१००. पाय उचलणेच कठीण झाले असेल, तर गावातल्या गावात लुना. ज्यांच्या घरच्या गोठ्यात किंवा पडवीत अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी ती भंगारात घालण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे.